नऊ रात्री, तीन बिऱ्हाडे

प्रश्न : आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारे चौघेजण, म्हणजे मी (वय ६७), पत्नी (६३), मुलगी आणि नऊ वर्षांचा नातू, दिवाळीच्या सुटीत भाऊबीज आटोपल्यावर नऊ रात्रींसाठी मॉरिशसला जाण्याच्या विचारात आहोत. एका सहल कंपनीने पाच हॉटेलांचा कार्यक्रम आखून दिला आहे. त्यामुळे सगळे बेट पाहून होईल, असे त्यांचे म्हणणे. पत्नीचा उजवा गुडघा दुखरा असून दोन जिने चढले की तिला बसावे लागते. आम्हांला पाहायचे पुष्कळ आहे, पण दमायचे नाही. असा पाच ठिकाणचा मुक्काम योग्य ठरेल काय?
– वि. ग., बडोदे

उत्तर : आपण पाठवलेला कार्यक्रमाचा कागद मी दोनदा वाचला. त्यातील स्थळे वाईट निवडलेली नाहीत, हिशेब मात्र चुकला आहे. बहुतेक हॉटेलांत सकाळी अकरा-बारापर्यंत खोली सोडावी लागते आणि पुढच्या हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनच्या आत हाती येत नाही. मधले तीन-चार तास सामान गाडीत, आपण कोठेतरी बाकावर आणि नातवाचा पोहण्याचा पोशाख नेमका सगळ्यांत खालच्या बॅगेत, अशी अवस्था होते. पाच हॉटेले म्हणजे चार वेळा बांधाबांध. दर वेळी अर्धा दिवस धरला, तर नवांतले दोन दिवस किल्ल्या परत करण्यातच गेले. हे ऐकीव नाही. माझ्या पहिल्या सहलीत आम्ही सहा रात्रींत चार हॉटेले केली होती आणि परत आल्यावर मला समुद्रापेक्षा स्वागतकक्षांतील सोफेच अधिक आठवत होते.

शिवाय इतके मुक्काम हलवण्याएवढे हे बेट मोठेही नाही. उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम सुमारे ४५ किलोमीटर. बडोद्याहून भरूच याहून किंचित लांबच पडेल. रस्ते अरुंद असल्यामुळे आणि राजधानी पोर्ट लुईच्या आसपास सकाळ-संध्याकाळ वाहनांची दाटी होत असल्यामुळे अंतराच्या मानाने वेळ अधिक लागतो, हे खरे; तरीही कोणत्याही मुक्कामावरून कोणतेही स्थळ एका दिवसात पाहून रात्री अंथरुणाला पाठ टेकता येते. म्हणून माझा सल्ला असा, की थांबे हवे तितके घ्यावेत, बिऱ्हाडे मात्र तीनच करावीत : पश्चिम किनाऱ्यावर चार रात्री, उत्तरेस तीन आणि शेवटच्या दोन आग्नेयेस.

पश्चिमेपासून आरंभ का करावा, याला वाऱ्याचे कारण आहे. या बेटावर वर्षातील बराच काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. पूर्व किनारा त्यांच्या थेट तोंडाशी येतो, तर मधल्या पठाराच्या आडोशामुळे पश्चिम किनारा कोरडा, उबदार आणि शांत राहतो. विमानतळ आग्नेय कोपऱ्यात असल्यामुळे पहिल्या दिवशी तासाभराचा प्रवास घडेल, पण तो एकदाच. फ्लिक-आँ-फ्लाक किंवा त्याच्या दक्षिणेचे तामारँ, यांपैकी कोठेही उतरावे. तेथे सुरूच्या झाडांखाली लांबलचक सार्वजनिक किनारा आहे; रविवारी स्थानिक कुटुंबे पातेली, चटया आणि कधी ढोल घेऊन दिवसभरासाठी येतात आणि मावळतीचा सूर्य समोर समुद्रात बुडताना दिसतो. पहिला संपूर्ण दिवस येथे काहीही न करता घालवावा. कंपनीने त्या दिवशी 'दक्षिण दर्शन' घातले आहे, ते खोडून टाकावे.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी चालकासह गाडी ठरवून दक्षिणेची मोठी फेरी करावी, आणि ती उलट्या क्रमाने, म्हणजे आधी डोंगर आणि मग किनारा. सकाळी लवकर निघून प्रथम गंगा तलाव गाठावा. ज्वालामुखीच्या जुन्या मुखात साचलेले हे सरोवर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. किनाऱ्यावर लख्ख ऊन असताना येथे भुरभुर पाऊस असू शकतो, म्हणून पत्नीसाठी एक शाल हाताशी असू द्यावी. आपल्याला तेथे एक गंमत अनुभवास येईल. तलावापाशी रस्त्याच्या कडेला ३३ मीटर उंचीचे मंगल महादेव उभे आहेत. २००७ साली उभारलेली ही मूर्ती आपल्या बडोद्याच्या सूरसागर तलावातील महादेवाच्या मूर्तीवरून घडवलेली आहे. मी प्रथम पाहिली तेव्हा क्षणभर मागे न्यायमंदिराची इमारत दिसेल अशा अपेक्षेने वळून पाहिले होते. मागे होते ते धुके आणि प्रसादाच्या केळ्यावर डोळा ठेवून बसलेले माकड. खाण्याची पिशवी गाडीतच ठेवावी.

तेथून ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने रस्ता शामारेलकडे जातो. दरीचे दर्शन घडवणारा कठडा वाहनतळापासून अगदी जवळ असल्यामुळे गुडघ्याला त्रास होऊ नये. शामारेलची सप्तरंगी माती ही हातात घेण्याची नव्हे, कठड्याआडून पाहण्याची वस्तू आहे : काळा ज्वालामुखीय पाषाण झिजून त्याची माती झाली, विरघळणारे घटक पावसाने वाहून नेले आणि मागे राहिलेल्या लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतच्या छटा दिल्या. दुपारचे जेवण तेथेच करून वळणावळणांनी किनाऱ्यावर उतरावे. ल मॉर्नचा ५५६ मीटरचा सुळका खालूनच पाहावा. पळून आलेल्या गुलामांनी ज्या कड्यांचा आश्रय घेतला, ते हे कडे. २००८ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. या फेरीच्या दुसऱ्या दिवशी काहीही ठरवू नये, हे वेगळे सांगायला नको.

उत्तरेस त्रू-ओ-बिश येथे उतरावे. शेजारचे ग्राँ बे दुकानांसाठी प्रसिद्ध आहे, पण बाजारच पाहायचा तर आपला मंगळ बाजार काय वाईट आहे? त्रू-ओ-बिशचे पाणी मात्र नातवासाठी उत्तम. प्रवाळाच्या कड्यामुळे मोठ्या लाटा बाहेरच अडतात आणि पुष्कळ आतपर्यंत पाणी कमरेएवढेच राहते. सर्वांनी पाण्यात रबरी बूट घालावेत, कारण तळाशी प्रवाळाचे तुकडे असतात आणि क्वचित काटेरी समुद्री साळू किंवा दगडासारखा दिसणारा विषारी दगडमासाही असतो. येथून एक सकाळ पाम्प्लमूसच्या वनस्पती उद्यानासाठी राखावी. परातीसारख्या काठ उभारलेल्या प्रचंड पानांचे कमळताळे तेथे आहे, आणि अनेक दशके वाढून आयुष्यात एकदाच फुलणारे व मग मरून जाणारे तालिपोट ताड आहेत. उद्यान सपाट असून बाक जागोजागी आहेत. दुसरी सकाळ पोर्ट लुईची. तेथील ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ सालची दोन दुर्मिळ टपाल तिकिटे आहेत. प्रकाशाने रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवरील दिवा ठरावीक वेळी काही मिनिटांपुरताच लावतात, तेव्हा ती वेळ दारातच विचारून घ्यावी.

शेवटच्या दोन रात्री ब्लू बे किंवा माएबूर येथे काढाव्यात. परतीच्या दिवशी विमानतळ हाकेच्या अंतरावर असणे हे साठीनंतरचे मोठे सुख आहे. ब्लू बे हे सागरी उद्यान असून काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ आणि मासे पाहता येतात. पोहू न शकणाऱ्या आणि गुडघा सांभाळणाऱ्या माणसाला यापरते सोयीचे साधन नाही. सोमवार सापडला तर माएबूरचा आठवडी बाजार चुकवू नये. पूर्वेकडील इल-ओ-सेर्फ हे बेट कंपनीच्या यादीत ठळक अक्षरांत आहे. दुपारच्या वेळी तेथे होड्यांची आणि माणसांची जत्रा भरते. नातवाने हट्ट धरला तरच जावे.

हवामानाविषयी दोन शब्द. मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्यामुळे आपली दिवाळी तेथे उन्हाळ्याच्या तोंडाशी येते. चक्रीवादळांचा मुख्य काळ जानेवारी ते मार्च असल्यामुळे नोव्हेंबर त्या मानाने निर्धास्त असतो. गुलमोहर फुलायला लागलेला असतो आणि महिनाअखेरीस लिची बाजारात येऊ लागते. ऊन मात्र हलके समजू नये. बडोद्यात जूनच्या आरंभी मध्यान्ही आपली सावली पायाखाली येते, तीच स्थिती तेथे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास असते. अकरा ते तीन हा वेळ जेवण आणि वामकुक्षीसाठीच आहे असे धरून चालावे. घड्याळ दीड तास मागे असल्यामुळे आपल्याला पहाटे पाचलाच जाग येईल. समुद्रावर फिरण्याचा वेळ तोच.

प्रश्न : मॉरिशसमध्ये मराठी लोक आहेत असे ऐकले आहे. आम्ही पुढच्या वर्षी जाणार आहोत. त्यांच्याशी मराठीत बोलता येईल का, आणि गणेशोत्सव पाहायचा असल्यास केव्हा जावे?
– घडियाळी पोळ येथील एक वाचक

उत्तर : मराठी लोक आहेत, आणि पुष्कळ पिढ्यांपासून आहेत. ऊसमळ्यांवर काम करण्यासाठी १८३४ पासून पुढील आठ-नऊ दशकांत सुमारे पाच लाख करारबद्ध मजूर हिंदुस्थानातून या बेटावर उतरले. त्यांतील बहुसंख्य बिहारकडचे असले, तरी मुंबई बंदरातून कोकण आणि आसपासच्या भागांतील कुटुंबेही गेली. पोर्ट लुईमधील आप्रवासी घाट, जेथे त्यांना उतरवून घेत, तो २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. धक्क्यापासून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या मोजून सोळा आहेत. मी त्या पाहिल्या तेव्हा शेजारी शाळेची मुले ओळीने उभी होती आणि त्यांच्या शिक्षिका क्रिओल या तेथील बोलीत काही सांगत होत्या, त्यात 'कुली' हा एकच शब्द मला कळला.

मराठीत गप्पांची अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. घरात आणि रस्त्यावर सर्वांची भाषा क्रिओल, वृत्तपत्रांची बहुधा फ्रेंच आणि सरकारी कारभाराची इंग्रजी. मराठी शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिकवली जाते आणि भजने, आरत्या, लग्नकार्ये यांतून टिकून आहे. आडनावांवरून ओळख पटेलच असेही नाही, कारण नोंदी करताना पूर्वजांची पाळण्यातली नावेच पुढे कुटुंबाची आडनावे होऊन बसली. चार पिढ्या गुजरातेत राहून आपण घरी 'ठेव' याऐवजी गुजराती वळणाने 'पाणी गरम करायला मूक' म्हणू लागलो, तसे काहीसे, पण त्याहून कितीतरी लांबच्या अंतरावरचे.

गणेश चतुर्थीची तेथे राष्ट्रीय सुटी असते, आणि ती बहुधा आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते. २०२४ मध्ये आपल्याकडे गणपती ७ सप्टेंबरला बसले, तेथील सुटी ८ सप्टेंबरला होती. २०२५ मध्ये आपली चतुर्थी २७ ऑगस्टला आणि सुटी २८ तारखेला. म्हणजे ही सुटी ऋषिपंचमीला, दीड दिवसाच्या गणपतीच्या विसर्जनाशी जुळणारी आहे. त्या दिवशी पश्चिम किनाऱ्यावर मिरवणुका समुद्राकडे जातात. आपल्या घरचा गणपती दहा दिवसांचा असेल, तर दोन्ही साधणे अवघड आहे. घरातील कोणी तरी मागे राहण्यास तयार असल्यासच बेत करावा.

प्रश्न : आई पूर्ण शाकाहारी असून मांसाहार शिजणाऱ्या स्वयंपाकघरातील अन्न घेत नाही. दहा दिवस तिची आबाळ होईल का?
– अलकापुरी येथील वाचक

उत्तर : शाकाहारी अन्न मिळण्यास अडचण नाही, वेगळ्या स्वयंपाकघराचा प्रश्न मात्र हॉटेलात सुटणार नाही. त्यासाठी ओटा आणि शेगडी असलेली सुटसुटीत सदनिका भाड्याने घ्यावी. अशा सदनिका उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यावर भरपूर मिळतात, आणि तांदूळ, डाळ, भाजी जवळच्या दुकानात मिळते. घरून मेतकूट, भाजके पोहे, कोरडी चटणी न्यावी. ताजी फळे, रोपे, बियाणे नेऊ नयेत, कारण त्यांवर निर्बंध आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून तेथे यूपीआयची सोय सुरू झाली आहे, तरी हातगाडीवाल्यांसाठी सुटे पैसे बाळगावेत.

हातगाडी म्हटल्यावर दालपुरीबद्दल सांगितलेच पाहिजे. शिजवून भरड केलेली डाळ आत भरलेली मऊ पातळ पोळी, म्हणजे गूळ न घातलेली पुरणपोळीच म्हणावी अशी. ती नेहमी जोडीने, दोन पोळ्या एकावर एक ठेवून, आत घेवड्याच्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा रसा आणि हिरवी मिरची घालून कागदात गुंडाळून देतात. अनेक गाड्यांवर एवढा एकच पदार्थ असतो. तवा आणि पातेली डोळ्यांसमोरच असल्यामुळे आईंना काय चालेल ते त्यांनी स्वतः उभे राहून पाहावे. मिरची वेगळी मागावी, ती आपल्या सेव-उसळीच्या तर्रीपेक्षाही तिखट असते.