शंभर नॅनोमोलर टाकण्याआधी

अगं,

तुझा प्लॅन वाचला. ए५४९ ही फुफ्फुसाच्या सेल्सची लाइन, १०० नॅनोमोलर कॅल्सिट्रायॉल, म्हणजे व्हिटॅमिन डीचं ॲक्टिव्ह रूप, २४ तास, मग सर्फॅक्टंटचे, म्हणजे फुफ्फुस मिटू न देणाऱ्या पदार्थाचे जीन्स मोजायचे, आणि शेवटच्या ओळीत एकदम "गरोदरपणात व्हिटॅमिन डी देण्याला आधार". प्लॅन वाईट नाहीये, खरंच. पण पहिल्या ओळीवरून शेवटच्या ओळीवर तू जी उडी मारलीयेस ना, तिच्या मधे दोन प्रश्न राहून गेलेत, किती आणि कधी. व्हिटॅमिन डी आणि गर्भाचं फुफ्फुस या विषयातली निम्मी भांडणं याच दोन प्रश्नांवरची आहेत, त्यामुळे आत्ताच सगळं लिहून टाकते.

आधी किती. १०० नॅनोमोलर कुठून आणलंस विचारलं तर म्हणशील की सगळे पेपर तेच वापरतात, आणि ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण माणसाच्या रक्तात कॅल्सिट्रायॉल मिलिलिटरला साधारण २० ते ६० पिकोग्रॅम असतं. रेणुभार ४१७ धरून भागाकार कर, ५० ते १५० पिकोमोलर येतं. गरोदरपणात ते दुप्पट-तिप्पट होतं हे धरलं तरी तुझा डोस काही शे पट मोठा आहे. वर रक्तातलं जवळपास सगळं प्रोटीनला चिकटलेलं असतं, मोकळं फिरतं ते एक टक्क्याच्याही खाली, आणि तुझ्या कमी सिरमच्या मीडियात ते प्रोटीन फारसं नाहीच, म्हणजे सेल्सच्या वाट्याला येणारा डोस अजूनच जास्त. १०० वापरूच नको असं नाही. टिश्यूत जागच्या जागी तयार होणारं कॅल्सिट्रायॉल रक्तापेक्षा जास्त असू शकतं, तो मुद्दा आहेच. म्हणून ०.१ नॅनोमोलरपासून दहा-दहा पटींनी वर जा आणि १०० सगळ्यात शेवटी ठेव. परिणाम फक्त त्या शेवटच्या वेल्समधेच दिसला तर तो औषधाचा परिणाम म्हणून लिहायचा, पोषणाचा म्हणून नाही.

आणि एक कॉलम २५-हायड्रॉक्सीचा ठेवच. लॅबच्या रिपोर्टवर "व्हिटॅमिन डी" म्हणून जे येतं ते हेच, लिव्हरमधे बनलेलं, आणि प्लासेंटा ओलांडून बाळापर्यंत मुख्यतः हेच जातं. मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम म्हणजे ५० नॅनोमोलर, तेव्हा इथे ५० हा आकडा अगदी खऱ्या आयुष्यातला आहे. सेल्स स्वतः त्याचं कॅल्सिट्रायॉल करतात की नाही हे बघणं मला तुझ्या मूळ प्रयोगापेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतं. कारण उंदराच्या गर्भाच्या फुफ्फुसात जे दिसलं ते असं, की टाइप टू सेल्समधे, म्हणजे सर्फॅक्टंट बनवणाऱ्या सेल्समधे, व्हिटॅमिन डीचा रिसेप्टर आहे पण हे रूपांतर करतात शेजारचे फायब्रोब्लास्ट. एक बनवणार, दुसरा ऐकणार. तू प्लेटमधे एकटा ऐकणारा ठेवलायस आणि बोलणं बाहेरून पिपेटने चालू आहे. फायब्रोब्लास्टसोबत को-कल्चर, म्हणजे दोन्ही एकत्र वाढवणं, जमलं तर बघ, नाही जमलं तर निदान डिस्कशनमधे हे प्रामाणिकपणे येऊ दे.

ए५४९ बद्दल जास्त बोलत नाही, तुला माहितीये. १९७२ साली एका ५८ वर्षांच्या पुरुषाच्या फुफ्फुसातल्या गाठीतून काढलेली लाइन, आणि आपण बोलतोय गर्भाच्या फुफ्फुसाबद्दल. सोपी आहे, मरत नाही, सगळ्यांकडे आहे, म्हणून वापरतात. रिसेप्टर आहे का, सिग्नल पोचतो का, एवढं बघायला ठीक. पण फुफ्फुस "पिकलं" का हे तिला विचारू नकोस. त्यासाठी गर्भाच्या फुफ्फुसाचे तुकडे कल्चर करणं किंवा स्टेम सेलपासून केलेल्या टाइप टू सेल्स, हे बरे मार्ग. प्रायमरी, म्हणजे थेट टिश्यूतून काढलेल्या टाइप टू सेल्स साध्या प्लास्टिकवर काही दिवसांत चपट्या होऊन टाइप वनसारख्या व्हायला लागतात, त्यामुळे ती घाई वेगळी.

एकदा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली गर्भाच्या टाइप टू सेल्स नीट बघ, जीनच्या आलेखांनी जे कळत नाही ते तिथे कळतं. कच्च्या सेलमधे ग्लायकोजेनचे मोठेमोठे फिकट तलाव असतात, जवळपास सगळी जागा तेच खातात. पुढे पुढे ते आटतात आणि त्यांच्या जागी लॅमेलर बॉडीज दिसायला लागतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकात एक, तेच साठवलेलं सर्फॅक्टंट. उंदराच्या गर्भाच्या फुफ्फुसावर कॅल्सिट्रायॉल टाकल्यावर ग्लायकोजेन कमी झालं आणि फॉस्फोलिपिड वाढलं हे नव्वदच्या दशकातच दाखवलंय. तेव्हा नुसतं जीन वर गेलं म्हणून खूश होऊ नकोस, फॉस्फोलिपिड मोज, ग्लायकोजेन मोज.

आता बेंचवरच्या बारीक गोष्टी, ज्या कोणी मेथड्समधे नीट लिहित नाही. साध्या सिरममधे आधीच व्हिटॅमिन डी असतं, म्हणून चारकोल-स्ट्रिप्ड, म्हणजे कोळशाने ते काढून टाकलेलं घे. कॅल्सिट्रायॉल इथेनॉलमधे विरघळव, लहान लहान भाग करून ब्राऊन व्हायलमधे फ्रीझरला ठेव, उजेड त्याला चालत नाही, आणि कंट्रोलमधे तेवढंच इथेनॉल गेलं पाहिजे. सीवायपी२४ए१ हा जीन पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून प्रत्येक वेळी ठेव. कॅल्सिट्रायॉल पोचलं की सेल ते मोडायला हे एन्झाइम बनवते, त्यामुळे तो वर गेला नाही तर बाकीचं काही वाचत बसू नको, डोस पोचलेलाच नाही. रिसेप्टरच्या अँटीबॉडीवर डोळे मिटून विश्वास नको, बाजारातल्या बऱ्याच भलतंच काहीतरी पकडतात, रिसेप्टर नसलेलं सॅम्पल शेजारी चालवल्याशिवाय तो ब्लॉट मला दाखवू नकोस. आणि हो, टाइप टू सेल्सच्या मीडियाच्या रेसिपीत बहुतेक वेळा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असतं, तेच मुळी सर्फॅक्टंट वाढवतं! त्याच्यावर व्हिटॅमिन डीचा परिणाम शोधणं म्हणजे अवघडच.

डेक्सामेथासोनवरून "कधी" कडे येते. १९५९ मधे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं की वेळेआधी जन्मून श्वासाच्या अडचणीने दगावलेल्या बाळांच्या फुफ्फुसात सर्फॅक्टंट कमी असतं. मग लिगिन्सना मेंढ्यांवर काम करताना दिसलं की स्टेरॉइड मिळालेली कोकरं वेळेआधी जन्मूनही अपेक्षेपेक्षा जास्त जगतात, आणि १९७२ मधे लिगिन्स आणि हाउवी यांची डिलिव्हरीआधी स्टेरॉइड देण्याची २८२ मातांची ट्रायल आली. ते इतकं स्वच्छ चाललं याचं एक कारण म्हणजे वेळ पक्की होती, डिलिव्हरी जवळ आलीये, सर्फॅक्टंट हवंय, द्या. व्हिटॅमिन डीचं तसं नाहीये. माणसात श्वासनलिकांच्या फांद्या फुटायचं काम साधारण १७ व्या आठवड्यापर्यंत होऊन जातं, सर्फॅक्टंट त्यानंतर बऱ्याच आठवड्यांनी सुरू होतं, आणि अल्व्हिओलाय, म्हणजे हवेच्या पिशव्या, तर जन्मानंतरही बनत राहतात. मग तू यातल्या कुठल्या टप्प्याबद्दल बोलतेयस? "गरोदरपणात" हे उत्तर नाही.

२०१६ च्या दोन ट्रायल्स याच नजरेने वाच. अमेरिकेतल्या ट्रायलमधे १० ते १८ आठवड्यांच्या मातांना रोज ४४०० किंवा ४०० युनिट दिले, तीन वर्षांपर्यंत दमा किंवा वारंवार घरघर २४.३ टक्के विरुद्ध ३०.४ टक्के, आणि पी व्हॅल्यू ०.०५१, सिग्निफिकंट म्हणायला ०.०५ च्या खाली हवी होती, बघ नशीब. डेन्मार्कमधे २४ व्या आठवड्यापासून २८०० विरुद्ध ४००, तिथे १६ विरुद्ध २० टक्के, तेही सिग्निफिकंट नाही. दोन्ही एकत्र केल्यावर पहिल्या तीन वर्षांत धोका साधारण चतुर्थांशाने कमी दिसला, पण अमेरिकेतली मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा फरक उरला नव्हता. काही लोक इथेच "व्हिटॅमिन डी चालत नाही" म्हणून वही मिटतात. मला ते घाईचं वाटतं. एक तर कंट्रोल ग्रुपलाही ४०० युनिट मिळत होते. दुसरं, सुरू केलं तोवर फांद्या बऱ्याचशा फुटून झालेल्या. आणि एकत्रित विश्लेषणात सगळ्यात जास्त फायदा दिसला तो ज्यांची सुरुवातीची पातळीच ३० नॅनोग्रॅमच्या वर होती त्यांच्यात! कमतरता असलेल्यांना जास्त फायदा होईल असंच आपण धरून चालतो ना, इथे उलटं. याचा एक अर्थ असा लागतो की आधीपासूनच पातळी चांगली हवी होती, पण तो अंदाज आहे, सिद्ध झालेलं नाही.

तुझ्या दुसऱ्या टप्प्यातल्या उंदरांबद्दल. २०११ चं माईसवरचं काम वाचलंयस तू, कमतरता असलेल्या आयांची पिल्लं लांबीला इतरांएवढीच पण फुफ्फुसाचं आकारमान कमी. मॉडेल चांगलं आहे. फक्त डाएट देताना कॅल्शियम-फॉस्फरसचं काय होतंय ते तपास, नाहीतर परिणाम कॅल्शियमचा आणि नाव व्हिटॅमिन डीचं. माईस जन्मतात तेव्हा त्यांचं फुफ्फुस माणसाच्या वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या टप्प्यावर असतं, तर दिवस त्या हिशोबाने निवड. नर-मादी वेगळे मोज, मादी गर्भाचं सर्फॅक्टंट आधी तयार होतं. आणि डाएट आईला दिलंयस, पिल्लांना नाही, त्यामुळे एका आईची आठ पिल्लं म्हणजे एन, नमुन्यांची संख्या, बरोबर एक. आठ नाही. हे मी रिव्ह्यूअर म्हणून इतक्या वेळा लिहिलंय की आता कंटाळा आलाय.

नातेवाईक आणि मैत्रिणी विचारतीलच, तू यावर काम करतेस तर सांग, गोळी घेऊ का. प्लेटवरून उत्तर देऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच गरोदर स्त्रियांना सरसकट व्हिटॅमिन डी द्या असं म्हणत नाही, कमतरतेचा संशय असेल तर रोज २०० युनिट म्हणते. इतर ठिकाणच्या शिफारशी वेगळ्या आहेत, ६०० ची आहे, ४००० ही वरची मर्यादा मानतात. डॉक्टरांकडे पाठव आणि विषय बदल.

तर प्लॅनची शेवटची ओळ आत्ता काढून टाक. त्या जागी लिही की कुठल्या टप्प्यावरच्या, कुठल्या सेलमधे, किती पातळीला काय बदलतं हे तू बघणार आहेस. पुढच्या मीटिंगला प्लेटचा नवा नकाशा आण, दोन्ही रूपांचे कॉलम, इथेनॉलचा कंट्रोल आणि सीवायपी२४ए१ सकट. सिरमची ऑर्डर तो बघून टाकू.