नाकातली लस ‘टोचायची’ की ‘सोडायची’?

यवतमाळ जिल्ह्यातील एका आशाताईंनी विचारले आहे की, उपकेंद्राच्या फलकावर नॅनोकणांतून, म्हणजे अतिसूक्ष्म कणांतून, नाकावाटे द्यायच्या लशीवरील नव्या संशोधनाची माहिती देताना ‘नॅनोकणांची लस नाकात टोचणे’ असे लिहिले तर चालेल काय.

‘टोचणे’ येथे नको. जखमेतून पाझरणाऱ्या पातळ स्रावाला मराठीत लस म्हणतात, म्हणजे या शब्दात सुई मुळातच नाही. १८०२ साली मुंबईत देवीची लस प्रथम दिली गेली तेव्हा ती त्वचेखाली घालावी लागे. टोचणे हे क्रियापद त्या कृतीचे आहे, लशीचे नव्हे. पोलिओची लस आपण पाजतोच, आणि कोंबडीच्या पिलांना मानमोडी होऊ नये म्हणून लासोटा या लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत सोडतो. २०२३ च्या जानेवारीत आलेली इन्कोव्हॅक ही करोनावरची लसही नाकपुड्यांत थेंबांनीच दिली जाते, मात्र तिच्यात नॅनोकण नसून निरुपद्रवी केलेला विषाणू वाहकाचे काम करतो. ‘नस्य’ हा आयुर्वेदातला, नाकात औषध सोडण्याचा शब्द सुचवणारे भेटतात, परंतु त्याने वाचकाला पंचकर्मच आठवेल.

‘नॅनोकणांची लस’ यातील ‘ची’ मला अधिक खटकते. ज्वारीची भाकरी म्हटले की ती ज्वारीपासूनच झालेली असते. येथे मात्र लस म्हणजे रोगजंतूचा निवडलेला अंश, आणि नॅनोकण हा केवळ तो वाहून नेणारा. नाकात पडलेली वस्तू शेंबडाच्या सरकत्या थरासोबत साधारण पंधरा-वीस मिनिटांत घशाकडे ढकलली जाते, त्यामुळे साधा थेंब तेथे टिकत नाही. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानचे कण धनभारित असल्याने ऋणभारित शेंबडाला चिकटून राहतात, पेशींमधील सांधे काही काळ सैल करतात आणि लशीला आतल्या रोगप्रतिकारक पेशींपर्यंत पोहोचायला अवधी देतात. मग जंतू जेथून शिरतो त्या नाकातच प्रतिपिंडे, म्हणजे जंतूला अडवणारी प्रथिने, तयार होऊ शकतात. म्हणून ‘नॅनोकणांतून नाकावाटे द्यायची लस’ असे लिहावे, आणि असे प्रयोग अजून बहुतांशी संशोधनाच्या टप्प्यात आहेत हेही त्याच ओळीत सांगावे, नाहीतर गावकरी उद्याच उपकेंद्रात येऊन ती मागतील.

‘नॅनो’ला ‘अब्जांश’ म्हणण्याची आवश्यकता मला वाटत नाही, कारण नॅनो युरियामुळे तो शब्द शेतापर्यंत पोहोचला आहे. फक्त एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, एवढे एकदा लिहावे.

राहिला प्रश्न फवाऱ्याने द्यायच्या लशीचा. तेथे ‘फवारणी’ हा शब्द कृपया टाळावा. २०१७ मध्ये यवतमाळात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि त्या घरांमध्ये ‘नाकात फवारणी’ हे शब्द कसे वाचले जातील, याचा विचार फलक लिहिणाऱ्याने करायलाच हवा. तुषार सिंचनामुळे परिचित झालेला ‘तुषार’ तेथे नेमका बसतो: थेंब असेल तर ‘नाकात थेंब सोडणे’, फवारा असेल तर ‘नाकात तुषार सोडणे’.