पाकीट फोडा काका, आणि तो करार परत वाचा

पत्र: "मुलगी इथेच इंदूरला बी.ए. सेकंड इयरला आहे, मराठीत भयकथा लिहिते. एका ऑडिओ अ‍ॅपवाल्यांनी एका कथेचे 3000 रुपये देऊ म्हटलंय, करार मेलवर आलाय, सोबत जोडतो. चोरी नको म्हणून मी कथेची प्रिंट स्पीड पोस्टाने आपल्याच पत्त्यावर पाठवून पाकीट न फोडता कपाटात ठेवलंय. एवढं पुरे ना? आणि यात करिअर आहे का?" (एक वडील, सुदामा नगर)

काका नमस्कार. पाकिटाचं वाचून हसू आलं, रागवू नका. पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख पुरावा होईल म्हणून ठेवलेलं ते बंद पाकीट कोर्टात फारसं कामाचं नाही आणि त्याची गरजही नव्हती, कारण आपल्याकडे 1957 च्या कायद्याने कथा लिहून झाली की कॉपीराइट लिहिणाऱ्याचा होतोच, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. तरी करून घ्या. ऑनलाइन फॉर्म, कथेचे 500 रुपये, डायरी नंबर (म्हणजे अर्जाचा क्रमांक) मिळाला की कुणाची हरकत येते का म्हणून 30 दिवस थांबायचं, मग तपासणी. उद्या भांडण झालंच तर ते सर्टिफिकेट पुरावा म्हणून चालतं आणि दावा इंदूरच्याच जिल्हा कोर्टात लावता येतो, मुंबईच्या चकरा नकोत.

फक्त एक, कल्पना कुणाचीच नसते, सुप्रीम कोर्टाने 1978 मध्येच तसं सांगितलंय. पडका वाडा, विहीर, विहिरीतून हाका... हे कुणीही लिहू शकतं (आणि लिहितातच, निम्म्या मराठी भयकथा विहिरीतच आहेत!). तिने ते जसं मांडलंय, ते तिचं.

पण तुम्ही चोराची काळजी करताय आणि मला काळजी तिच्या सहीची वाटतेय. करारातलं चौथं कलम वाचलंत का? सगळे हक्क, सगळ्या माध्यमांत, जगभर, कायमचे. आता कॉपीराइट असतो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं, म्हणजे पोरगी आज 19 ची, ऐंशीपर्यंत जगली तर 61 अधिक 60, एकूण 121 वर्षांसाठी कथा गेली, 3000 रुपयांत, आणि त्यावर उद्या वेबसिरीज निघाली तरी आपण टाळ्या वाजवायच्या. गंमत अशी की करारात मुदत लिहिलीच नसती तर कायदा 5 वर्षंच धरतो, आणि प्रदेश लिहिला नसता तर फक्त भारत. म्हणजे त्यांनी काहीच लिहिलं नसतं तर बरं होतं!

तर त्यांना कळवा की हक्क विकत नाही, वापरायला देतो. फक्त मराठी ऑडिओ, 3 वर्षं, कथेसोबत लेखिकेचं नाव, आणि पुस्तक, सिनेमा, अनुवाद आमच्याकडे. नाहीच म्हणाले तर मी असते तर ही कथा दिली नसती, फार तर एखादी साधी दिली असती, नाव होतं म्हणून. आणि फोनवर "हो हो, करू" म्हणतील त्याला अर्थ नाही, हक्क देण्याघेण्याचं लेखीच लागतं.

करिअरचं खरं सांगते, नुसत्या कथांवर घर चालवणारे मराठीत मोजकेच. पण इंदूरची पोरं मराठी-हिंदी दोन्ही घरातलीच असल्यासारखी बोलतात, अनुवाद, ऑडिओ स्क्रिप्ट, डबिंगचं लेखन यात ते कामी येतं. बी.ए. पूर्ण करू दे. पुढे कुठे नोकरीत लिहायला लागली तर लक्षात ठेवा, करारात वेगळं नसेल तर नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं मालकाचं असतं, म्हणून तिच्या कथा घरच्या लॅपटॉपवर, घरच्या वेळेत. वकिली आवडत असेल तर बी.ए.नंतर 3 वर्षांचं एलएल.बी. आहेच, पण तुम्हाला भीती वाटते म्हणून तिला तिकडे ढकलू नका हं.

मेलचं उत्तर तिलाच लिहू द्या, तुम्ही शेजारी बसा.