अमेरिकेतलं मिशिगन राज्य व्हायच्या आधी टेरिटरी (म्हणजे केंद्र सरकारच्या ताब्यातला, राज्याचा दर्जा नसलेला प्रदेश) होतं, तेव्हा तिथे कोणानंतर कोण गव्हर्नर झालं?
पहिला विल्यम हल, १८०५ पासून. त्याने १८१२ च्या युद्धात डेट्रॉइट ब्रिटिशांना देऊन टाकलं, कोर्ट मार्शलमधे मृत्युदंड झाला पण जुनी सैन्यातली सेवा बघून प्रेसिडेंट मॅडिसनने माफ केलं. मग १८१३ ते १८३१ लुईस कॅस, हा तब्बल १८ वर्षं. त्याच्यानंतर जॉर्ज पोर्टर, तो १८३४ ला कॉलराने गेला.

खरी गंमत पुढे आहे, टेरिटरीचा सेक्रेटरी असलेला स्टीव्हन्स मेसन हंगामी गव्हर्नर झाला, वय फक्त २२ (आपल्याकडे या वयात पोरं इंटर्नशिप शोधतात), टोलेडोच्या भागावरून शेजारच्या ओहायो राज्याशी भांडला म्हणून प्रेसिडेंट जॅक्सनने १८३५ ला काढलं आणि त्याच वर्षी लोकांनी त्यालाच निवडून दिलं. त्याच्या जागी जॅक्सनने पाठवलेल्या हॉर्नरला कोणी विचारलंच नाही.