गावात घरफोड्या वाढल्यात, पोलीस ठाणं लांब आहे, तर गावाने काय करावं?

तुम्ही विचारलंय की दिंडोरी तालुक्यात मळ्यात राहतो, आसपासच्या वस्त्यांवर एकामागून एक घरं फुटतायत, ठाणं लांब, रात्रीची गाडी क्वचित दिसते आणि गावातली पोरं म्हणतात आपणच काठ्या घेऊन उभं राहू. काय करावं?

मी निफाड तालुक्यातला, द्राक्ष आणि कांदा करणारा. आमच्याकडेही हेच झालंय आणि अजून पूर्ण थांबलेलं नाही. गस्त घालाच, त्याबद्दल पुढे सांगतो. पण त्याच्या आधी एक काम करा. झालेली प्रत्येक चोरी, लहान असो की मोठी, ठाण्यात लिहून घ्यायला लावा.

आपल्याकडे काय होतं बघा. विहिरीवरची केबल कापून नेली, गप्प बसलो. स्टार्टर गेला, नवीन आणला. शेळी गेली, दोन दिवस शिव्या दिल्या आणि सोडून दिलं. ‘गेलेलं कुठं परत येतं, उगाच ठाण्याच्या चकरा कोण मारणार?’ असं प्रत्येक घरात म्हणतात. मजुरी बुडवून, पेट्रोल घालून ठाण्यात जायचं आणि तिथं बाकावर बसून राहायचं, हा त्रास खरा आहे. पण त्यामुळे कागदावर आपलं गाव शांत दिसतं. नाशिक ग्रामीणमधल्या एकेका ठाण्याकडे कितीतरी गावं, त्यांच्या वाड्या-वस्त्या आणि वर महामार्गाचा तुकडा असतो. त्याच माणसांनी अपघाताचा पंचनामा करायचा, आरोपी कोर्टात न्यायचे, समन्स बजावायचे, यात्रेचा, मोर्चाचा, मंत्र्यांच्या दौऱ्याचा बंदोबस्त करायचा. कांद्याचे भाव पडून रास्ता रोको झाला की निम्मं ठाणं रस्त्यावर. रात्री उरते एखादी गाडी आणि दोन-तीन माणसं. ती गाडी कुठल्या बाजूला फिरवायची हे अधिकारी समोरच्या नोंदीवरूनच ठरवणार. ज्या गावाची नोंदच नाही, तिकडे ती का वळेल?

म्हणून फिर्याद. अर्ज नाही, फिर्याद, म्हणजे गुन्हा नोंदवणारा एफआयआर. हा फरक नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोक इथंच मागे फिरतात. ठाणे अंमलदार म्हणतो, ‘एक अर्ज देऊन जा, बघतो आम्ही.’ तो अर्ज फायलीत राहतो, गुन्हा दाखल होत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०५ मध्ये राहत्या घरातली चोरी येते, आणि माल ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतलीही येते. म्हणजे खताच्या, औषधाच्या गोडाऊनमधून काही गेलं तर हे कलम ठामपणे सांगा. हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाची वाट न बघता पोलीस तपास करू शकतात, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सूर्यास्तानंतर कडी-कोयंडा तोडून चोरीसाठी घरात शिरला असेल तर कलम ३३१ लागतं आणि शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाऊ शकते.

आता शेतकऱ्याला अडचणीत आणणारी गोष्ट. नव्या कायद्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र झाली आहे. उघड्या विहिरीवरून केबल गेली आणि तुम्ही अंदाजाने ‘चार हजारांची असेल’ म्हणालात, तर तपास तिथंच संपला. म्हणून केबल किती फूट, कितीची, मोटार जळाली का, स्टार्टर फुटला का, हे दुकानदाराकडून लिहून घेऊन मगच जा. खोटं वाढवून सांगू नका. पण घाईत कमीही सांगू नका.

फिर्यादीची प्रत ती देणाऱ्याला मोफत मिळते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामाची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याच्या, कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. ठाण्यात घेतली नाही तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येतो आणि तिथूनही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. गुन्हा दाखल झाला की तपास कुठवर आलाय हे पोलिसांनी ९० दिवसांत तुम्हाला कळवायचं असतं. कळवलं नाही तर त्याच कायद्याचं कलम १९३ सांगून लेखी विचारा.

आमच्या शेजारच्या मळ्यात छाटणीच्या दिवसांत भरदुपारी घर फुटलं. सगळे बागेत होते. म्हातारीच्या पाटल्या आणि सुनेची पोत गेली. ठाण्यात पहिल्यांदा अर्जच मागितला. पोलीस पाटील आणि आम्ही चार-पाच जण सोबत गेलो, संध्याकाळपर्यंत बसलो, तेव्हा फिर्याद झाली. सोनंही जुन्या पावतीच्या भावाने लिहिलं होतं. आजच्या भावाचा उल्लेख करायला लावला. पुढे बऱ्याच महिन्यांनी स्थानिक गुन्हे शाखेने दुसऱ्याच तालुक्यात एक टोळी पकडली, त्यांनी आमच्या भागातल्या चोऱ्या कबूल केल्या. ज्यांची फिर्याद होती त्यांना थोडा का होईना ऐवज कोर्टातून परत मिळाला. ज्यांनी नुसता अर्ज दिला होता किंवा काहीच दिलं नव्हतं, त्यांचं त्या मुद्देमालावर नावच नव्हतं. ती माऊली पाटली हातात घेऊन रडली ते मी पाहिलंय, आणि शेजारची बाई रिकाम्या हाताने परत गेली तेही पाहिलंय. म्हणून मी हे इतकं लावून धरतो.

दागिन्यांचे फोटो आजच काढून ठेवा आणि पावत्या जपा. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो, तो वहीत लिहून ठेवा. सोनं वितळवलं की त्याचा उपयोग नाही, पण वस्तू तशीच सापडली तर ती तुमचीच आहे हे सिद्ध करायला एवढा कागद पुरतो.

चोर मळ्यालाच का धरतात, याचा विचार गावाने एकदा एकत्र बसून करावा. गावठाणात घराला घर लागून असतं. मळ्यात दोन घरांमध्ये बागा, ऊस, मका. हाक ऐकू जात नाही. कांद्याची लागण, द्राक्षाची छाटणी, थिनिंग या दिवसांत सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच घर मोकळं असतं आणि किल्ली कुठल्या कोनाड्यात असते हे सगळ्यांना माहीत असतं. बागेचा माल गेला, व्यापाऱ्याने पैसे दिले, की घरात रोकड असते. सहकारी बँकांचे हाल पाहिल्यापासून बरेच जण पैसे घरीच ठेवतात, त्यांना दोष कसा द्यायचा? पण निदान तो व्यवहार पारावर बोलू नका. लग्नाला, वणीच्या गडावर, पंढरपूरला घरातले सगळे जाणार असतील तर शेजारच्या मळ्यातल्या एकाला रात्री पडवीत झोपायला सांगा. आमच्याकडे हे पाळी लावून करतो. फार साधी गोष्ट आहे, पण माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगी.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. प्रत्येकाने घरी लावण्यापेक्षा गावात येणाऱ्या दोन-तीन रस्त्यांवर, गाडीचा नंबर वाचता येईल अशा उंचीवर ग्रामपंचायतीने लावावेत. लाइट गेल्यावर चालतील अशी बॅटरी हवी, आणि रेकॉर्डिंगचा डबा त्याच खांबावर ठेवू नये. चोर तो डबाच उचलून नेतात.

आता गस्त. पोरांचा उत्साह वाया घालवू नका, पण त्याला शिस्त लावा. ग्रामसुरक्षा दल ही कायद्यात असलेली गोष्ट आहे, महाराष्ट्र पोलीस अधिनियमात त्याची तरतूद आहे. ग्रामसभेत नावं ठरवा, यादी ठाण्यात द्या, ओळखपत्रं मागा. पोलीस पाटलाला पुढे ठेवा. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने गाव आणि ठाणं यांच्यातला दुवा तोच आहे. तुमच्याकडे ते पद रिकामं असेल तर प्रांत कार्यालयात पाठपुरावा करा, कारण पाटील नसलेल्या गावाची बातमी ठाण्यात उशिरा पोहोचते.

आपल्या भागात रात्री फिरायचं म्हणजे बिबट्याचाही विचार आला. उसाच्या कडेने एकट्याने जायचं नाही. चार-चार जणांच्या तुकड्या, मोठी बॅटरी, शिट्टी, मोबाइल, आणि बोलत चालायचं. ज्यांची त्या आठवड्यात रात्रीची थ्री फेज लाइट, म्हणजे शेतीपंपाची वीज आहे, ते तसेही मोटार चालू करायला जागे असतात. गस्तीच्या पाळ्या लाइटच्या पाळीप्रमाणे लावल्या तर कुणावर जास्तीचं ओझं येत नाही. शिवाय अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एका टोल-फ्री क्रमांकावर फोन करून बोललं की तोच आवाज गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी कॉल होऊन जातो. व्हॉट्सअॅपचा मेसेज रात्री दोन वाजता कोण बघणार? फोन वाजला तर माणूस उठतो. तुमच्या गावाची नोंदणी आहे का ते पोलीस पाटलांना विचारा, आणि घरातल्या बायकांचे नंबरही त्यात घाला. दिवसा घरी किंवा जवळ त्याच असतात.

संशयित दिसला की आधी ११२ लावा, मग माणसं गोळा करा. हा क्रम चुकू देऊ नका.

हे मी फार कळकळीने सांगतोय. १ जुलै २०१८ ला आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे लोक होते. त्याच दिवसांत मालेगावातही अशाच अफवेवरून एका कुटुंबाला जमावाने घेरलं होतं. पोलिसांनी त्यांना वाचवलं, नाहीतर तिथंही तेच झालं असतं. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाच्या मारहाणीत गेले. तिथंही चोर आल्याच्या अफवेनं लोक रात्री जागत होते. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे ग्रामीण आणि मराठवाड्यात रात्री आकाशात ड्रोन दिसले, चोर रेकी करतायत म्हणून गावंच्या गावं जागी राहिली. भीती खरी असते, पण तिच्या भरात समोर कोण आहे हे दिसत नाही.

आपल्या बागांवर सुरगाणा, पेठ, कळवणकडून मजूर येतात. पाल ठोकून राहणारे येतात, मेंढपाळ येतात. काही झालं की पहिलं बोट त्यांच्याकडे जातं. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींवर गुन्हेगाराचा शिक्का मारला, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण शिक्का आपल्या बोलण्यात अजून आहे. मजूर ठेवणाऱ्याने त्यांची नावं, गाव, मुकादमाचा नंबर लिहून ठेवावा. यात अपमान काही नाही, उलट चोरी झाली तर आपल्या मजुराच्या बाजूने ठामपणे उभं राहता येतं. आमच्याकडे ज्या चोऱ्यांचा छडा लागला, त्यात मोटारसायकलवरून येऊन दिवसा घरं हेरून गेलेले लोक निघाले. पालावरचं कुणी नव्हतं.

चोर रंगेहाथ सापडलाच तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे तुम्ही त्याला धरून ठेवू शकता, पण विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. बांधून मारायचं नाही. तो मेला तर तुमच्या गावातली वीस-पंचवीस पोरं वर्षानुवर्षं कोर्टात फिरतील आणि चोरीची केस बाजूलाच राहील.

एक घाईचं काम मात्र आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि अमृतस्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. बाहेरून कितीही कुमक आली तरी जिल्ह्यातल्या ठाण्यांची माणसं बंदोबस्ताला ओढली जाणारच. तेव्हा गावाकडे आत्ताहून कमी पोलीस असतील. म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव घ्या. त्यात वर्षभरातल्या सगळ्या चोऱ्या तारखेसह लिहा, फिर्यादीचे क्रमांक टाका, आणि मागणी मोघम ठेवू नका. बीट अंमलदाराचं, म्हणजे आपल्या भागाची जबाबदारी असलेल्या पोलिसाचं, नाव आणि मोबाइल नंबर गावात फलकावर लागावा, रात्रीची गाडी आठवड्यातून ठरलेल्या वारांना वस्त्यांपर्यंत यावी, बंदोबस्ताच्या काळात होमगार्ड मिळावेत, जवळचं दूरक्षेत्र, म्हणजे ठाण्याची बाहेरची चौकी, बंद असेल तर ते उघडावं. प्रती ठाण्याचे प्रभारी, उपविभागीय पोलीस अधिकारी, अधीक्षक आणि आमदारांना द्या आणि प्रत्येक प्रतीवर पोच घ्या. आमच्या ठरावानंतर दूरक्षेत्र काही उघडलं नाही, पण गाडी मळ्यांपर्यंत यायला लागली. तुमच्या ठरावाचा मसुदा हवा असेल तर खाली सांगा, आमचा टाकतो.