सारंगखेड्याचे घोडे एवढे भरलेले आणि रेसचे घोडे एवढे वाळलेले का दिसतात?

भाऊ, तुम्ही विचारलंय की सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेतला मारवाडी घोडा कसा तुकतुकीत, गोल गोल, आणि मोबाइलवर रेसचा घोडा पाहिला तर बरगड्या मोजाव्या असा, मग त्याला उपाशी ठेवतात का. नाही, उपाशी ठेवत नाहीत, उलट खुराक चांगलाच असतो. फरक पडतो तो कोणत्या कामासाठी पिढ्यान् पिढ्या निवडून पैदास केली त्याचा, आणि यात्रेच्या आधी किती चारलं त्याचा.

रेसचा घोडा म्हणजे थरोब्रेड. इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकात ही जात तयार झाली आणि आजच्या कोणत्याही थरोब्रेडची नराकडची वंशावळ मागे नेली तर तीनच घोड्यांपाशी जाऊन थांबते, तिन्ही पूर्वेकडून नेलेले. त्याचं काम काय, तर दोन-तीन मिनिटं जीव तोडून पळणं. म्हणून छाती खोल (रुंद नाही, खोल, फुप्फुसाला जागा पाहिजे), पुठ्ठे दणकट, पाय लांब आणि खांदा तिरका. खांद्याचं हाड जितकं तिरकं तितका पुढचा पाय लांब पडतो, एका ढांगेत जास्त जमीन कापतो. ताशी ६० किलोमीटरच्या वर पळणाऱ्या जनावराला अंगावरची जास्तीची चरबी म्हणजे फुकटचं ओझंच.

याच्या उलट इंग्लंडचाच शायर जातीचा घोडा पाहा, ६८ इंचाच्या वर उंची (जमिनीपासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत) आणि वजन टनाच्या आसपास, पण त्याचं काम नांगर आणि गाडी ओढायचं, म्हणून खांदा उभा, मान जाड, नळीचं (गुडघ्याखालचं) हाड भक्कम. दोघंही उंचच, पण एकाचं काम दुसऱ्याला जमणार नाही.

आपल्याकडचे मारवाडी आणि काठेवाडी उष्ण, कोरड्या मुलखातले. अंग सडपातळ, कातडी पातळ, म्हणजे उष्णता लवकर बाहेर जाते. लडाखचा झांस्करी बुटका, केसाळ आणि गोलमटोळ असतो, त्याला ऊब धरून ठेवायची असते. मारवाडी साधारण ५८ ते ६२ इंच, चेहरा लांबट, आणि कान आत वळून टोकं जुळतात. काठेवाडी सहसा थोडा बुटका, कपाळ रुंद, नाकाच्या वर चेहरा जरा खोलगट आणि कान त्याहून जास्त वळलेले.

मग यात्रेतला घोडा गोल का दिसतो? कारण मारवाडी मुळात तसा नसतोच भाऊ. बरेच जण यात्रेच्या आधी दूध, तूप, हरभरा चारून चारून त्याला भरवतात आणि फिरवत मात्र नाहीत. बरगड्यांवर तळहात ठेवून हलकं दाबून पाहा, बरगड्या डोळ्याला दिसू नयेत पण हाताला लगेच लागल्या पाहिजेत. बोट खोल रुतवूनही लागत नसतील, मानेची वरची कड जाड आणि कडक झाली असेल, शेपटीच्या बुडाशी मऊ गादी लागत असेल तर ती चरबी आहे, ताकद नाही. असल्या खुराकानं खुराच्या आत सूज येते, खूर तापतात, घोडा पुढचे पाय लांब टाकून सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभा राहतो आणि चालायला मागत नाही. हे दुखणं फार वाईट, काही घोडे त्यातून उठतच नाहीत. मला हे पाहवत नाही, म्हणून एवढं लिहितोय.

दुसरं म्हणजे इंचाचं वेड. "६४ इंची, ६५ इंची" एवढंच ओरडतात आणि घेणाराही टेपच पाहतो. घोड्याच्या अंगाचा साठ टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि गुडघ्याच्या खाली मसल नाहीच, नुसतं हाड आणि दोरीसारख्या शिरा (कंडरा). उंची वाढवली, वजन वाढवलं आणि नळी मात्र काडीसारखी राहिली तर तो पाय किती दिवस टिकेल?

याच्यापुढे आपल्या धुळे-नंदुरबारकडच्या ठेलारी लोकांची घोडी पाहा. मेंढरांमागे चालणारी, पाठीवर अंथरूण, भांडी, वरती बांधलेलं कोकरू, अन् निघाली डोंगराला. उंची पाहून यात्रेत कोणी ढुंकून बघणार नाही, पण पाठ आखूड, नळी जाड, खूर टणक. आखूड पाठीला ओझं पेलतं. पुण्याकडे भीमेच्या खोऱ्यातलं भीमथडी घोडंही असंच, ५० इंचाच्या थोडं वर, मराठ्यांच्या घोडदळात चाललेलं, आणि अलीकडेच त्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंदही झाली.

तेव्हा घ्यायचा विचार असेल तर आधी काम ठरवा. वरातीला, नाचाला, रेवाल चालीला (झपझप, पण धक्का न देणारी चाल) मारवाडी-काठेवाडी घ्या, रोजच्या बसण्याला ५८-६० इंचाचा पुष्कळ झाला. रंग आणि देवमण (शुभ मानतात तो केसांचा भोवरा) नंतर पाहा, आधी कडक जमिनीवर सरळ चालवायला लावा आणि मागून पाहा, पाय आत-बाहेर फेकतो का, पुढचा एखादा पाय टेकताना दर वेळी डोकं वर उडतं का. उडत असेल तर तोच पाय दुखतोय. आणि दात बघून वय चार वर्षांच्या आत निघालं तर त्याच्यावर लगेच बसू नका, पाठीची हाडं भरायला पाच-सहा वर्षं लागतात.

फोटो टाका, समोरून नको, बाजूनं सपाट जमिनीवर उभा करून काढलेला, म्हणजे खांदा आणि पाठ बघून सांगतो.