रिकाम्या वेळाचा हिशोब

"मॅडम, काही न करता धा मिनिटं बसलो का मले चोरी केल्यासारखं वाटते."

समुपदेशनासाठी माझ्याकडं आलेल्या प्रशांतचं हे पहिल्या भेटीतलं पहिलं वाक्य. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय 29, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक. दिवसभर दाखले, योजनांचे अर्ज, आणि नेट गेलं की खिडकीशी ताटकळलेली माणसं. घरी चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर.

त्यानं पिशवीतून एक दोनशेपानी वही काढून माझ्यापुढं ठेवली. पानापानावर पट्टीनं आखलेले चौकोन. पहाटे 5 ते 6 इंग्रजी बोलण्याचे व्हिडिओ, संध्याकाळी 7 ते 9 स्पर्धा परीक्षा, 9.30 ते 11.30 वाढदिवसाचे न् उद्घाटनाचे बॅनर करून देणं, रविवारी वावर. झालं की टिक, राहिलं की लाल फुली. गेल्या दोन महिन्यांची पानं लालच लाल होती.

मोकळा वेळ वाया घालवायचा नाही आणि थकूनही जायचं नाही, हे कसं जमवायचं, असं विचारत माझ्याकडं बरीच तरुण मुलं येतात. त्यांना आळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पाऊस दगा देतो, कापसाचा भाव कधी पडेल सांगता येत नाही, अशा घरातलं पोरगं रात्री बॅनर करून चार पैसे जोडतं ते हौसेनं नाही. म्हणून "सोडून दे सगळं, आराम कर" हा सल्ला मी देत नाही. त्यातला कोणता भाग गरजेचा आणि कोणता धाकाचा, एवढं मात्र बघावंच लागतं.

प्रशांत आला तो थकव्यामुळं नव्हे. एका श्रद्धांजलीच्या बॅनरवर त्यानं गेलेल्या माणसाचं नाव चुकवलं होतं. मुलगी रडत आली. "मले काहीच वाटलं नाही मॅडम. उलटा रागच आला, का आता पुन्हा करा लागन म्हणून. त्या काकानं मले लहानपणी सायकल शिकवली होती." हे सांगताना त्याचा आवाज बसला.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये मान्य केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे, आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून. तिची तीन अंगं सांगितली आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्याच्यानं काही होत नाही असं वाटणं. तिन्ही त्या वहीत दिसत होती. फरक एवढाच, की प्रशांतचा मोकळा वेळही नोकरीच झाला होता, आणि तिथला साहेब तो स्वतःच होता. त्या नोकरीला सुट्टीच नव्हती.

घाईनं नाव देऊ नये म्हणून आधी झोप, भूक, जगण्याबद्दलचे विचार विचारून घेतले, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यायला सांगितलं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं, आणि तिथं वेळापत्रकाच्या गोष्टी पुरत नाहीत. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. प्रशांतचं तसं नव्हतं.

मग माझ्याकडून एक चूक झाली. मी सांगितलं, रोज अर्धा तास काहीही करायचं नाही. पुढच्या भेटीत वहीत नवा चौकोन होता, "विश्रांती 8 ते 8.30". सहा टिका आणि एक लाल फुली. फुलीबद्दल तो माझी माफी मागत होता.

वाट सापडली ती त्याच्या घरच्या बैलामुळं. पोळा जवळ आला होता, पण एका बैलाला खांदेसूज होती. जू सारखं एकाच जागी घासून खांद्यावर पुरणपोळीएवढी गरम गाठ आलेली. "मलम आनलं होतं मी," प्रशांत म्हणाला, "पन बाबा म्हणे, मलम लावून जुंपलं त काय उपेग? पयले जू काढ." बोलता बोलता तो थांबला, वहीकडं बघत राहिला. मी काही बोलले नाही.

त्या दिवशी आम्ही एकच शोधलं, की घासतंय कुठं. दिवसभर पडदा, बसणं, मुदत आणि लोकांची बोलणी. संध्याकाळी पुन्हा पडदा, बसणं, मुदत, बोलणी. काम बदललं तरी खांदा तोच. सोनेनटाग आणि फ्रिट्झ या संशोधकांनी 2007 मध्ये कामानंतर माणूस कशानं भरून निघतो ते चार गोष्टींत मांडलं: कामातून मनानं बाहेर पडणं, सैलावणं, काही नवं जमू लागणं, आणि आपल्या वेळेवर आपला ताबा असणं. म्हणजे मोकळ्या वेळात शिकू नये असं कुठंच नाही. शिकणं भरूनही काढतं, पण त्याला गुण देणारा कुणी मानेवर बसलेला नसावा.

इंग्रजीचे व्हिडिओ त्यानं सोडले, पहाटेची झोप परत आली. परीक्षेचा अभ्यास तसाच राहिला, कारण ते त्याला मनापासून हवं होतं. मात्र उठताना उद्या कुठून सुरू करायचं ते एका ओळीत लिहून पुस्तक मिटायचं, म्हणजे अर्धवट राहिलेलं डोक्यात फिरत नाही. बॅनर आठवड्यातून तीनच दिवस. पैसे थोडे कमी झाले, आणि ते त्याला जड गेलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

"आधी काय करत होतास, जे आता सुटलं?" या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "खंजिरी." गावातल्या गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात तो शाळेपासून वाजवायचा. चार वर्षांपूर्वी सोडली, "त्यातून काही भेटत नाही" म्हणून. पुन्हा जायला लागला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याच्या मनात आलं, की रेकॉर्ड करून चॅनल काढावं. मोबाईल घरी ठेवून जायचं, एवढंच आमचं ठरलं.

गेल्या महिन्यात आला तेव्हा बोटांची टोकं लाल झालेली होती. सवय गेली होती ना, म्हणाला. रविवारी बसल्या बसल्या अजून चुळबुळ होते, तेही सांगितलं. त्या मुलीच्या घरी जाऊन आला होता, नाव नीट केलेला बॅनर घेऊन. मी पुढची वेळ लिहून देत होते, तर त्यानं हातानंच थांबवलं.

"गुरुवारी नका देऊ मॅडम. गुरुवारी भजन असते."